पावतीतलं गिरगाव

गिरगावातल्या जुन्या भाडेकरूच्या कपाटात दोन कागद जिवापाड जपलेले असतात. एक रेशनकार्ड आणि दुसरी भाडेपावती. रेशनकार्ड पत्ता सांगतं, पावती हक्क सांगते. पातळ, पिवळट पडलेला कागद. वर मालकाच्या ट्रस्टचं किंवा इस्टेटीचं नाव, खाली भाडं वसूल करणाऱ्या मेहताची गिचमिड सही आणि मध्ये महिन्याच्या भाड्याचा आकडा. तो वाचून परगावचा पाहुणा हसतो, कारण तेवढ्या पैशांत आज दोघांचा नाश्ताही धड होत नाही. गिरगावकर मात्र हसत नाही. या कागदावरून सख्खे भाऊ एकमेकांशी वर्षानुवर्षं बोललेले नाहीत. मुलगी दाखवताना ‘खोली कोणाच्या नावावर?’ हा प्रश्न पगाराच्या आधी विचारला गेलेला आहे. म्हातारीला शेवटपर्यंत कोणी सांभाळायचं, याचा निकालही कित्येक घरांत या कागदाने लावला आहे.

गिरगाव बदललं, मराठी माणूस गेला, टॉवर आले, हे सगळं आता इतक्यांदा म्हणून झालं आहे की त्याचं नाट्यगीत व्हायचं तेवढं बाकी आहे. खरं तर हे रडगाणं बदलापेक्षा जुनं आहे. पुलंची ‘बटाट्याची चाळ’ १९५८ साली पुस्तकरूपात आली, आणि तिच्या शेवटच्या चिंतनात चाळ जुने दिवस आठवून हळहळतेच. म्हणजे टॉवर स्वप्नातही नव्हते तेव्हापासून गिरगाव स्वतःचं श्राद्ध घालत आलं आहे. मला त्या हळहळीत भर घालायची नाही. मला या कागदाचा माग काढायचा आहे. गिरगाव उभं राहिलं ते पावतीवर, पडायला आलं ते पावतीमुळे, आणि आज रिकामं होतंय तेही पावतीचं मालकीपत्र होतंय म्हणून. कोणी कोणाला हाकलून दिलेलं नाही. जे चाललंय ते बहुतांशी सहीनिशी आणि पेढे वाटून चाललंय.

ठाकूरद्वार नाक्यावर उभं राहून वर पाहिलं की दोन उंचींचं गिरगाव दिसतं. खाली तीन-चार मजल्यांची, कौलारू किंवा पत्र्याच्या छपराची, लाकडी कठड्यांची रांग. तिच्या मागून चाळीस-पन्नास मजल्यांचे काचेचे खांब निघालेले. मधलं काही नाही. पाच-सात मजल्यांची साधी इमारत इथे फारशी बांधलीच गेली नाही, आणि ती का बांधली गेली नाही यातच अर्धी गोष्ट आहे. जगन्नाथ शंकरशेट रस्त्याने प्रार्थना समाजाकडे चालत गेलं की डाव्या-उजव्या हाताला वाड्या फुटत जातात : फणसवाडी, कांदेवाडी, झावबावाडी, आंबेवाडी, केळेवाडी, खोताची वाडी, मुगभाट. पूर्वी इथे नारळी-पोफळीच्या बागा होत्या. माणसं वाढली तशी झाडं गेली, पण वाटा त्याच राहिल्या. म्हणून आजही गल्ली मध्येच वळते, चिंचोळी होते आणि एखाद्या देवळाच्या मागच्या भिंतीला जाऊन थबकते. अग्निशमन दलाची गाडी वळवताना चालकाला घाम फुटतो तो या बागांमुळे. बिल्डरला घाम फुटतो तोही त्याच कारणाने, पण त्याकडे पुढे येऊ.

आधी कायदा. कंटाळवाणा आहे, पण गिरगावात तो तोंडपाठ नसलेला माणूस विरळा.

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात मुंबईत जागेची मारामार सुरू झाली आणि भाडी भडकू लागली. १९४७ च्या मुंबई भाडे नियंत्रण कायद्याने १ सप्टेंबर १९४० रोजी जे भाडं होतं तेच ‘प्रमाणित भाडं’ म्हणून गोठवलं. फाळणीचे निर्वासित, गिरण्यांचे कामगार, कोकणातून बोटीने उतरणारे कारकून या सगळ्यांना छप्पर टिकवून देणारा हा कायदा होता आणि त्या घडीला तो योग्यच होता. चूक झाली ती पुढे. तात्पुरता म्हणून आणलेला कायदा मुदतवाढींवर जगत राहिला. मधल्या काळात रुपया कुठून कुठे गेला, सिमेंट-लोखंडाचे भाव शंभरपट झाले, पण पावतीवरचा आकडा जागचा हलला नाही. शेवटी १९९७ च्या डिसेंबरात सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की ही गोठवणूक आता अवाजवी झाली आहे. त्यानंतर १९९९ चा महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा आला आणि ३१ मार्च २००० पासून लागू झाला. त्याने वर्षाला चार टक्के भाडेवाढीची मुभा दिली. शंभर रुपयांवर चार टक्के म्हणजे चार रुपये. मालकाने त्यात जिन्याची एक पायरी तरी बदलून दाखवावी.

मालकाने दुरुस्ती सोडून दिली यात म्हणूनच नवल नाही. भाड्यातून पैसा मिळत नव्हता, मग तो दुसरीकडून काढला जाऊ लागला. खोली हातोहात जाताना नवा भाडेकरू जुन्याला जी रक्कम देई तिला पागडी म्हणत, आणि तिच्यातला तिसरा हिस्सा, कधी त्याहून अधिक, मालकाच्या खिशात जाई. मगच पावती नव्या नावावर होई. व्यवहार बेकायदा, पण सगळ्या गावाला माहीत आणि सगळ्या गावाला मान्य. १९९९ च्या कायद्याने तो उघडपणे वैध केला. तोवर पागडी ही गिरगावातली एक समांतर मालमत्ता-पद्धतच होऊन बसली होती. खोली ना मालकाची ना भाडेकरूची, दोघांची अर्धीमुर्धी. अर्धवट मालकीची वस्तू कोणी दुरुस्त करत नाही.

इमारती पडू लागल्या तेव्हा सरकारला मध्ये यावं लागलं. साठच्या दशकात पावसाळा आला की चाळी कोसळायच्या, माणसं दगावायची. १९६८ मध्ये बेडेकर समितीने अहवाल दिला आणि १९६९ मध्ये दुरुस्ती व पुनर्रचना मंडळाचा कायदा झाला. भाडेकरू-मालकांकडून उपकर घ्यायचा आणि सरकारने इमारती दुरुस्त करायच्या. गिरगावकर तेव्हापासून आपल्या घराला ‘सेसची बिल्डिंग’ म्हणतो. मुंबई शहरात अशा १९,६४२ इमारती मोजल्या गेल्या आणि त्यांतल्या १६,५०२ या सप्टेंबर १९४० पूर्वीच्या, म्हणजे ‘अ’ वर्गातल्या होत्या. पुढे मंडळ म्हाडात विलीन झालं. मंडळाने केलेली दुरुस्ती बहुतेकदा दिसते ती टेकूंच्या रूपात. लाकडी वासे, लोखंडी तुळया, गॅलरीखाली उभे केलेले खांब. तात्पुरते म्हणून लावलेले टेकू एवढी वर्षं राहतात की लोक त्यांना कपडे वाळत घालायच्या दोऱ्या बांधतात, मुलं त्यांच्याभोवती लपंडाव खेळतात आणि पोस्टमन खूण म्हणून त्यांचाच पत्ता सांगतो. दर वर्षी पावसाळ्याच्या तोंडावर मंडळ अतिधोकादायक इमारतींची यादी जाहीर करतं. यादीत नाव आलं तर भीती, नाही आलं तरी भीती. ३१ ऑगस्ट २०१७ रोजी जवळच्याच भेंडीबाजारात पाकमोडिया स्ट्रीटवरची हुसैनी इमारत पडून तीसहून अधिक माणसं गेली. ती बातमी गिरगावात कोणी दुसऱ्या मोहल्ल्याची म्हणून वाचली नसेल.

एवढ्यावर थांबलं तर भाडेनियंत्रण म्हणजे निव्वळ सत्यानाश असं वाटेल. अर्थतज्ज्ञ तसं म्हणतातही. पण त्या गोठलेल्या भाड्यावर दुसरंही एक पीक उगवलं, आणि त्याचा हिशेब कोणत्याच अहवालात येत नाही.

वाचक हा मजकूर दिवाळी अंकात वाचतो आहे म्हणून त्याच उदाहरणापासून सुरुवात करतो. मराठी छपाईचा आणि प्रकाशनाचा संसार एकेकाळी या दोन-तीन मैलांत मावत होता. काळबादेवीला कोलभाट गल्लीत जावजी दादाजींचं निर्णयसागर, गिरगावात खटाववाडीत मौज, मॅजेस्टिक सिनेमाला लागून केशवराव कोठावळ्यांचं पुस्तकांचं दुकान. कंपॉझिटर शेजारच्या चाळीत राहत, मुद्रितशोधक पलीकडच्या गल्लीत, लेखक संध्याकाळी चालत चालत येऊन बसत. ज्या मासिकाचा खप हजार-दोन हजार, ते बाजारभावाच्या भाड्यात एक वर्ष टिकलं नसतं. इथे दशकानुदशकं टिकलं. संपादकाची निष्ठा होतीच, पण पावतीवरचा आकडाही तिच्या जोडीला होता. मराठी वाङ्मयाचा इतिहास लिहिणाऱ्यांनी संपादकांचे फोटो छापले, मेहताच्या पावतीपुस्तकाचा एकही छापला नाही.

गाण्याचं तेच. बी. आर. देवधरांनी १९२५ साली काढलेलं ‘स्कूल ऑफ इंडियन म्युझिक’ ऑपेरा हाऊसजवळचं. कुमार गंधर्व कोवळ्या वयात शिकायला आले ते तिथे. नाटकाचं तेच. मुंबई मराठी साहित्य संघ १९३५ चा आणि त्याचं नाट्यगृह केळेवाडीतलं. प्रयोग सुटला की अर्धा प्रेक्षक पायी घरी पोचायचा. मॅजेस्टिक सिनेमात १४ मार्च १९३१ रोजी ‘आलम आरा’ लागला आणि हिंदुस्थानी चित्रपट बोलू लागला. त्या जागी आज शॉपिंग सेंटर आहे. आणि खानावळी. एकट्याने मुंबईत आलेल्या कोकणी चाकरमान्याला महिन्याच्या ठरीव पैशांत दोन वेळा जेवू घालायचं, तर जागेचं भाडं जवळजवळ शून्य असावं लागतं. खोताच्या वाडीतल्या अनंताश्रमात माशाचं ताट ज्या पैशांत मिळे आणि ज्या तुसडेपणाने वाढलं जाई, त्या दोहोंच्या कथा अजून सांगितल्या जातात. गिऱ्हाईक टिकवायची गरज नसलेला हॉटेलवाला हीसुद्धा गोठलेल्या भाड्याचीच देणगी. अनंताश्रम बंद झालं. विनय हेल्थ होमची मिसळ, पणशीकरांचं पियूष, बेडेकरांचे मसाले अजून आहेत, पण त्यांच्या आजूबाजूला कुलूपबंद फळ्यांची दुकानं वाढत चालली आहेत.

गणपतीचं वेगळं सांगायला नको, तरी एक गोष्ट सांगतो. खाडिलकर मार्गावरच्या केशवजी नाईक चाळीत १८९३ पासून सार्वजनिक गणेशोत्सव होतो. १९०१ मध्ये लोकमान्य टिळक तिथे येऊन गेले. मूर्ती अजूनही लहान आणि शाडूची, पालखीतून येते, पालखीतून जाते. तो उत्सव चाळीच्या रचनेतून जन्माला आला. मधलं अंगण, चारी बाजूंनी गॅलऱ्या, कठड्याला टेकून उभी असलेली शंभर-दोनशे माणसं. सभागृह वेगळं बांधायला नको, तिकीट नको, ध्वनिवर्धकही नको. व्याख्यान, मेळा, नकला जे काही खाली होईल ते तिसऱ्या मजल्यावरच्या आजीला बसल्या जागी दिसे. टॉवरमध्ये हे अंगण नसतं. तिथे पोडियम असतो, पार्किंगच्या मजल्यांवरची गच्ची. मंडळाला पोडियमवर किंवा तळमजल्यावर मंडपाची जागा मिळणार का, हे आता पुनर्विकासाच्या करारात कलम म्हणून घालून घ्यावं लागतं. शहाणी मंडळं ते घालून घेतात.

आता दुसरी बाजू, आणि ती सांगताना माझा सूर जरा चढेल. चाळीच्या आठवणी बहुतेक पुरुषांनी लिहिल्या आहेत. गॅलरीतल्या गप्पा, गल्लीतलं क्रिकेट, रेडिओवरचं कीर्तन, दार कधी बंद नसणं. सगळं खरं. पण त्याच गॅलरीच्या टोकाला संडास होता. मजल्यावरच्या दहा-बारा बिऱ्हाडांना मिळून दोन किंवा तीन. पाळी आलेली मुलगी, दिवस गेलेली सून, गुडघे गेलेली म्हातारी, सगळ्यांनी टमरेल घेऊन तिथे रांगेत उभं राहायचं आणि वाटेतल्या प्रत्येक दारातून कोणी ना कोणी बघत असायचं. पाणी पहाटे चारला यायचं आणि ते भरण्याचं काम कोणाचं होतं हे विचारायला नको. दार कधी बंद नसतं याचा अर्थ नवीन लग्न झालेल्या जोडप्याने काय काढायचा? पोटमाळ्यावर झोपायचं आणि कुजबुजायचं. एकशे साठ फुटांच्या खोलीत तीन पिढ्या राहिल्या, याचं कौतुक करणाऱ्याने त्यातली मधली पिढी होऊन बघावं. म्हणून ‘आपला स्वतःचा संडास’ या शब्दांत जी माया गिरगावातल्या बायका ओततात, ती कोणत्याही आठवणींच्या पुस्तकात मला सापडली नाही. पुनर्विकासाला सर्वात आधी होकार देणारं माणूस बहुतेक घरांत बाईच असतं, आणि तिला स्मरणरंजनाने परतवून लावण्याचा अधिकार कोणालाही नाही.

तिला जे मिळतं त्याचा आकडा गिरगावात शेंबडं पोरही सांगेल : चारशे पाच. विकास नियंत्रण नियमावलीच्या ३३(७) कलमाखाली सेसच्या इमारतीतल्या निवासी भाडेकरूला, त्याची खोली कितीही लहान असो, किमान ३०० चौरस फुटांचं घर मोफत आणि मालकीने द्यावं लागतं. त्यावर पस्तीस टक्के फंजिबल, म्हणजे वाढीव, क्षेत्र धरलं की ४०५ होतात. एकशे साठ फुटांचा भाडेकरू एका सहीत चारशे पाच फुटांचा मालक होतो. याचे पैसे सरकार देत नाही, पूर्वीचा मालक देत नाही. ते आकाशातून येतात, अगदी शब्दशः. बिल्डरला भूखंडाच्या तिप्पट चटईक्षेत्र, किंवा भाडेकरूंच्या पुनर्वसनाला जेवढं लागेल ते अधिक त्याच्या निम्मं, यांतलं जे जास्त असेल ते मिळतं. दोन ते पाच भूखंड एकत्र केले तर निम्म्याऐवजी साठ टक्के, सहा किंवा अधिक केले तर सत्तर. चाळीत जितकी जास्त बिऱ्हाडं तितकं जास्त बांधकाम, आणि ते विकण्यासाठी वर चढत जायचं. पाच-सात मजल्यांची इमारत इथे का नाही, याचं उत्तर या गणितात आहे. ती कोणालाच परवडत नाही.

नियम सोपा, वाट अवघड. पूर्वी सत्तर टक्के भाडेकरूंची संमती लागे, आता एक्कावन्न पुरते. एक्कावन्न जमवायला मालक, बिल्डर, भाडेकरूंचे पुढारी, पुढाऱ्यांचे विरोधक, पोटभाडेकरू, अमेरिकेत गेलेला पण पावतीवर नाव असलेला थोरला, अशा सगळ्यांतून वाट काढावी लागते. मग म्हाडाचं ना हरकत पत्र, महापालिकेची परवानगी, आणि मग तो दिवस, जेव्हा बिऱ्हाडं बाहेर पडतात. तीन वर्षांत परत आणतो असं सांगितलेलं असतं. पहिले अकरा महिने भाड्याचे धनादेश वेळेवर येतात. पुढे काय होतं ते प्रत्येक वाडीत निराळं असतं. कुठे इमारत खरंच उभी राहिली, कुठे पत्र्यांच्या कुंपणाआड पावसाचं पाणी साठून डासांची पैदास झाली. २०२० साली विधिमंडळाने म्हाडा कायद्यात ७९-अ आणि ९१-अ ही कलमं घातली आणि २०२२ च्या डिसेंबरात त्यांना राष्ट्रपतींची संमती मिळाली. धोकादायक इमारतीचा मालक सहा महिन्यांत पुढे आला नाही तर भाडेकरूंच्या नियोजित सोसायटीला संधी. तीही गेली तर म्हाडाने जागा ताब्यात घेऊन बांधायचं. रखडलेले प्रकल्पही ताब्यात घ्यायचे. कागदावर हा कायदा भाडेकरूच्या बाजूचा आहे. मालकांचं म्हणणं अर्थातच वेगळं आहे.

मालकांचं म्हणणं ऐकायलाच हवं, कारण या लेखात आतापर्यंत ते मुक्याने वावरले. १९८६ साली म्हाडा कायद्यात आठ-अ प्रकरण आलं. सत्तर टक्के भाडेकरूंनी सोसायटी करून मागणी केली तर सरकारने इमारत संपादन करून त्यांना द्यावी, मोबदला महिन्याच्या भाड्याच्या शंभरपट. गोठलेल्या भाड्याच्या शंभरपट! गिरगावातली आख्खी चाळ एका मध्यम मोटारीच्या किमतीत. मालकांची संघटना सर्वोच्च न्यायालयात गेली आणि तो खटला पिढी बदलेपर्यंत चालला. ५ नोव्हेंबर २०२४ रोजी नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने बहुमताने सांगितलं की प्रत्येक खासगी मालमत्ता ही आपोआप ‘समाजाची भौतिक साधनसंपत्ती’ होत नाही. संविधानाच्या अभ्यासकांनी या निकालावर रकाने भरले. पण त्याचा उगम मुंबईच्या टेकू लावलेल्या चाळींत आहे, हे कितीजणांच्या ध्यानात आलं कोण जाणे.

आणि समजा, सगळं सुरळीत पार पडलं. चावी मिळाली. सत्यनारायण झाला. इथून पुढे गिरगाव रिकामं व्हायला लागतं.

एक घर कल्पनेने घेऊ. आई-वडील सत्तरीचे, दोन मुलगे. एक डोंबिवलीला, एक बोरिवलीला, कारण एकशे साठ फुटांत त्यांची लग्नं मावली नव्हती. घर चारशे पाच फुटांचं. गिरगावात चौरस फुटाला पन्नास हजारांचा भाव धरला तर दोन कोटींच्या वर रक्कम होते. जन्मभर छापखान्यात किंवा पोस्टात नोकरी केलेल्या माणसाने एवढा आकडा स्वतःच्या नावापुढे कधी पाहिलेला नसतो. दोन मुलांत घर वाटता येत नाही, पैसे वाटता येतात. शिवाय मेंटेनन्स. लिफ्ट, पंप, सुरक्षारक्षक, आगीपासून बचावाची यंत्रणा या सगळ्याला चौरस फुटामागे दहा-पंधरा रुपये धरले तरी महिन्याला चार ते सहा हजार. काल याच माणसाची पावती दीड-दोनशेची होती. पेन्शन असली तर तुटपुंजी, व्याजदर उतरलेले. घर विकायला कोणी सांगत नाही, आकडेमोडच सांगते. पूर्वी पावती विकून मिळणारं थोडं होतं आणि त्यातलं मालकाला द्यावं लागे. म्हणून माणसं राहिली. आता पूर्ण किंमत हातात येते, म्हणून जातात.

घेणारा कोण? ज्याला पैसे आहेत तो. हिऱ्याच्या, सोन्याच्या, कापडाच्या व्यापारातली गुजराती आणि मारवाडी कुटुंबं, ज्यांची दुकानं झवेरी बाजारात आणि ऑपेरा हाऊसला आधीपासूनच आहेत. त्यांच्यासाठी गिरगाव म्हणजे कामापासून दहा मिनिटांवरचं घर. यात कटकारस्थान शोधणाऱ्यांची राजकारणात सोय होते, पण विक्रीकरारावर दोन सह्या असतात आणि त्यातली एक मराठी असते. हेही तितकंच खरं की काही टॉवरांमध्ये मासे-मटण खाणाऱ्याला भाड्याने किंवा विकत जागा मिळताना आडवळणं घेतली जातात, आणि ज्या वाडीच्या तोंडाशी चिराबाजारची कोळीण पिढ्यानपिढ्या टोपली घेऊन बसली तिथे वासाची तक्रार होते, तेव्हा मराठी माणसाच्या तळपायाची आग मस्तकात जाते. ती आग खोटी नाही. फक्त तिचा रोख चुकतो. मासे न चालणारा शेजारी आला, कारण मासे खाणाऱ्याने घर विकलं. आणि त्याने विकलं, कारण त्याला तिथे मालक म्हणून राहणं भाडेकरू म्हणून राहण्यापेक्षा महाग पडलं.

जनगणनेत याची सुरुवात दिसून गेली होती. मुंबई शहर जिल्ह्याची लोकसंख्या २००१ मध्ये ३३ लाख ३८ हजार होती, २०११ मध्ये ३० लाख ८५ हजार झाली. इमारती उंच होत गेल्या आणि माणसं कमी होत गेली. बालवाडीत पटसंख्या घटली, मराठी शाळांच्या तुकड्या मिटल्या. गुढीपाडव्याची शोभायात्रा मात्र वर्षागणिक मोठी होते. नऊवारी नेसून बुलेटवर बसलेल्या मुली, ढोलपथकं, दूरचित्रवाणीचे कॅमेरे. त्यातले बरेचजण सकाळची लोकल पकडून आलेले असतात. गणपतीतही तेच. मंडळाचा अध्यक्ष विरारला, खजिनदार ठाण्याला. दहा दिवस रजा टाकून ते वाडीत येतात, कोणाच्या तरी उरलेल्या खोलीत दाटीवाटीने राहतात आणि विसर्जनानंतर पांगतात. जिथे राहत नाही तिथलं होऊन राहणं ही नवी गिरगावकरी.

९ ऑक्टोबर २०२५ पासून त्यांची ये-जा सोपी झाली. भुयारी मेट्रो तीन कफ परेडपर्यंत धावू लागली आणि गिरगावला स्वतःचं स्टेशन मिळालं. रस्ता इतका अरुंद की स्टेशनाचा मोठा भाग वरून न उकरता जमिनीच्या पोटात खोदत न्यावा लागला. तरीही प्रवेशद्वारांसाठी गिरगाव-काळबादेवीतल्या काही जुन्या इमारती पाडल्या गेल्याच. तिथल्या रहिवाशांनी ‘इथेच घर हवं’ म्हणून लढा दिला आणि त्याच परिसरात पुनर्वसनाचं आश्वासन मिळवलं. त्या लढ्यात दुकानदार पुढे होते, कारण फ्लॅट कुठेही मिळतो, पन्नास वर्षांचं गिऱ्हाईक कुठेही मिळत नाही. मेट्रोमुळे वरचा भाव आणखी चढेल हे सांगायला ज्योतिषी नको.

खोताची वाडी या सगळ्यात निराळी. दादोबा वामन खोतांच्या जमिनीवर उभी राहिलेली ती वसाहत, लाकडी जिने बाहेर काढलेल्या बंगलेवजा घरांची आणि ईस्ट इंडियन ख्रिस्ती कुटुंबांची. तिथे चाळी कमी, स्वतःची घरं जास्त. म्हणजे पावतीचं दुखणं नसलेली वस्ती. ती तरी वाचावी? एकेकाळी पासष्टच्या आसपास घरं होती, आज तिशीच्या आत उरली आहेत. मालकीच्या घराची वाटणी होते, वारस परदेशात असतात, लाकूड वाळवी खातं, आणि एका घराच्या जागी इमारत आली की शेजारच्या दोन घरांवरचं ऊन जातं. पर्यटक मात्र वाढले. गळ्यात कॅमेरा अडकवलेले गट रविवारी सकाळी येतात, रंगीत खिडक्यांसमोर उभे राहतात. आतल्या माणसाला लुंगीवर गॅलरीत येणं अवघड झालं आहे.

राहिले ते, ज्यांच्या वाट्याला यातलं काहीच येत नाही. ज्यांचा भूखंड एवढा चिंचोळा की त्यावर नियमाने काही बांधताच येत नाही. ज्यांची जागा रस्तारुंदीत जाते. ज्यांच्या मालकाचे अठरा वारस एकमेकांशी कोर्टात भांडताहेत. इमारत रिकामी करायला लावली की त्यांची रवानगी संक्रमण शिबिरात. शीवचं प्रतीक्षानगर, विक्रोळीचं कन्नमवारनगर, गोरेगाव. संक्रमण म्हणजे काही काळापुरतं. पण तिथे तीस-चाळीस वर्षं काढलेली कुटुंबं आहेत. मुलं तिथेच जन्मली, तिथल्याच शाळेत शिकली, आणि गिरगावात परत जायचं आहे असं अजूनही सांगतात, ज्या गिरगावात ती कधी राहिलेलीच नाहीत. ज्यांची मूळ इमारत पुन्हा उभी राहूच शकत नाही त्यांच्यासाठी म्हाडाची बृहत्सूची आहे. तिच्यात नाव लागण्यासाठी जो पहिला कागद मागतात तो अर्थातच भाडेपावती. घर पडलं, चाळ गेली, मालक गेला, मेहता गेला; पावती असेल तर तुम्ही आहात.

आणि जे टॉवरात राहिले त्यांची नवी भांडणं सुरू झाली आहेत. बहुतेक प्रकल्पांत पुनर्वसनाची इमारत वेगळी आणि विक्रीची वेगळी; दोन दरवाजे, दोन लिफ्ट, पोहण्याचा तलाव एकीकडचा. पुनर्वसनवाल्यांसाठी बिल्डरने कॉर्पस फंड ठेवलेला असतो, त्याच्या व्याजातून मेंटेनन्स भागेल या बोलीवर. व्याज उतरलं आणि लिफ्टच्या देखभालीचा करार महागला की बोली मोडते. मग सोसायटीच्या सर्वसाधारण सभेत, जिथे निम्मे सभासद काल चाळीत एकमेकांच्या मोरीत पाणी भरत होते आणि उरलेले परवा राहायला आले, तिथे विषय येतात ते असे : मागच्या वर्षीची थकबाकी, गणपतीला पोडियम द्यायचा की नाही, जिन्यात चपला ठेवण्यावर दंड, भाड्याने दिलेल्या फ्लॅटला जादा आकार, आणि सभेचं इतिवृत्त मराठीत लिहायचं की इंग्रजीत. शेवटच्या विषयावर मतदान होतं. त्याआधीच्यांवर पुढची तारीख पडते.